दोन अर्ज, एक घर: पुण्याहून मिल्टन कीन्सला गेलेलं सामान

ब्रिटनमध्ये राहायला जाणाऱ्या माणसाला आपलं घरसामान सीमाशुल्क आणि व्हॅट न भरता नेता येतं. तिथल्या महसूल खात्याची, म्हणजे एचएमआरसीची, ही सवलत 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स' या नावाने चालते. आमच्या धंद्यात सगळे तिला 'टीओआर' म्हणतात. सवलत मोठी आहे, अटी मोजक्या आहेत. तरीही ती अनेकांच्या हातून जाते, आणि मी पाहिलेल्या घरांत कारण बहुधा एकच असतं: परदेशी जायचं ठरलं की घरातले सगळे खरेदीला लागतात. ही सवलत आहे वापरलेल्या संसाराला, आणि आपण बांधून देतो नवा संसार.

न्हावा शेव्याहून घरगुती सामान बाहेर पाठवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. आता निवृत्तीनंतर ओळखीतल्या घरांच्या याद्या वाचून देतो. २०२४ साली वाचलेली एक यादी इथे सविस्तर मांडतो, कारण नेहमी येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिच्यात एकत्र आल्या होत्या. त्या कुटुंबाची याला संमती आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

घर पुण्यात सिंहगड रोडवरचं. सासू-सासरे, थोरला मुलगा आणि सून, धाकटा मुलगा, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलं, असं एकत्र कुटुंब. धाकट्याला मिल्टन कीन्सला नोकरी लागली आणि स्किल्ड वर्कर व्हिसावर तो ८ ऑक्टोबर २०२३ ला एकटाच गेला. मुलांचं शाळेचं वर्ष मोडायला नको म्हणून बायको-मुलं मागे राहिली. त्यांची तिकिटं निघाली २० जून २०२४ ची. मधल्या साडेआठ महिन्यांत नवरा तिकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि इकडे पुण्यात त्याची बायको हळूहळू सामानाची जमवाजमव करत होती. मे महिन्याच्या मध्यावर तिने यादी माझ्याकडे आणून ठेवली. "काका, एवढं बघून द्या, म्हणजे हे तिकडून अर्ज भरतील," असं म्हणाली.

त्या एका वाक्यातच पहिला प्रश्न होता.

अर्ज कोणाच्या नावाने

टीओआरच्या अटी आधी सरळ सांगतो. अर्ज करणारा माणूस ब्रिटनबाहेर सलग किमान १२ महिने राहिलेला असावा. सामान त्याने बाहेरचं घर सोडण्याआधी किमान सहा महिने त्याच्या ताब्यात आणि वापरात असावं. तिकडे गेल्यावर ते त्याच कामासाठी वापरायचं असावं. ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिन्यांच्या आत ते तिथे पोहोचावं. आणि पोहोचल्यावर पुढचे १२ महिने ते विकता, उसनं देता, भाड्याने देता किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. करायचं झालं तर आधी एचएमआरसीला कळवून शुल्क भरावं लागतं. दारू आणि तंबाखू सवलतीत बसत नाहीत. धंद्याची साधनंही बसत नाहीत, अपवाद फक्त हातात उचलून नेता येणाऱ्या अवजारांचा.

सहा महिन्यांची अट मागे मोजायची आहे, आणि ती मोजायची कुठून हे अर्जदार ठरवतो. नवऱ्याने अर्ज केला तर त्याने पुणं सोडलं ८ ऑक्टोबर २०२३ ला. तिथून सहा महिने मागे गेलं की ८ एप्रिल २०२३ येते. त्यानंतर घरात आलेली कोणतीही वस्तू त्याच्या नावाने सवलतीत बसत नाही. आता यादी बघा. सोफा घेतला होता २०२३ च्या गणपतीत, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. ५५ इंची टीव्ही आला त्याच वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याला, १४ नोव्हेंबरला. तेव्हा तर नवरा पुण्यात नव्हताच. त्याने टीव्ही सहा महिने वापरला, असं कोणत्या तोंडाने लिहायचं?

बायकोने अर्ज केला तर हिशेब २० जून २०२४ पासून मागे जातो आणि रेघ पडते २० डिसेंबर २०२३ ला. सोफा त्या रेघेच्या आधीचा, टीव्हीही आधीचा, दोन्ही वस्तू ती आणि मुलं रोज वापरत होती. मुलांच्या अभ्यासाची टेबलं नोव्हेंबरात घेतली होती, तीही बसली. यात कुठलीही पळवाट नाही. जो घरात राहत होता आणि ज्याने वस्तू वापरली, त्यानेच अर्ज करावा, एवढंच नियम मागतो. मात्र आपल्याकडे 'कागदपत्रांचं काम यांचं' अशी सवय असल्याने नाव आपसूक नवऱ्याचं पडतं.

नवऱ्याच्या स्वतःच्या चार खोक्यांचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. त्यात त्याची पुस्तकं, कॉलेजपासूनची गिटार, ड्रिल मशीन आणि हातोड्या-पान्यांची पेटी होती. हे सगळं वर्षानुवर्षं त्याचं. त्याने त्या चार खोक्यांपुरता आपला वेगळा अर्ज केला. त्याची १२ महिन्यांची मुदत ८ ऑक्टोबर २०२४ पर्यंत होती, म्हणजे सामान त्याआधी पोहोचणं भाग होतं. बाकी घर बायकोच्या अर्जात गेलं. दोन अर्ज म्हणजे दोन मंजुरी क्रमांक, आणि एकाच कंटेनरमध्ये दोन स्वतंत्र पॅकिंग लिस्ट. क्लिअरिंग एजंटला, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याला, हे आवडलं नाही. एकच यादी करा, असा त्याचा आग्रह होता. त्याचं काम वाढत होतं हे खरं, पण शंका आलीच तर उत्तर त्याला नव्हे, कुटुंबाला द्यावं लागलं असतं. मी दोन याद्यांवर ठाम राहायला सांगितलं.

ताब्यात आहे, पण वापरात?

यादीत २३ व्या ओळीवर 'डिनर सेट, ५१ नग' असं होतं. मी विचारलं, केव्हाचा? २०१२ चा, लग्नात मामांनी दिलेला. मग बसतोच, असं ती म्हणाली. बारा वर्षं घरात आहे. कुठे आहे? माळ्यावर, खोक्यात. एकदाही काढला नाही, चांगल्या प्रसंगासाठी ठेवला होता.

या एका ओळीवर आमची बरीच चर्चा झाली, आणि मला वाटतं की आपल्या घरांसाठी टीओआरमधला सगळ्यात नाजूक मुद्दा हाच आहे. अट ताब्याची आहे आणि वापराचीही आहे. दोन्ही एकत्र हवं. बारा वर्षं माळ्यावर राहिलेला सेट ताब्यात आहे यात वाद नाही, पण तो वापरलेला नाही हे खोकं उघडताक्षणी दिसतं: थर्माकोल तसंच, ताटांमधले कागद तसेच, खोक्यावर कंपनीची पट्टी तशीच. आपल्याकडे जपून ठेवणं हा वस्तूचा मान असतो. घरोघरी अशा वस्तू असतात: रुखवतातली भांडी, आहेरातल्या चादरी, कुणीतरी दुबईहून आणलेलं ब्लँकेट, सुटकेसच्या तळाशी घडी न मोडलेली साडी. त्या जपणाऱ्या बाईला 'तू हे वापरलं नाहीस' असं सांगणं जिवावर येतं. पण तपासणारा अधिकारी समोर जे दिसतं त्यावरच निर्णय घेणार.

जून जवळ आलेला, सहा महिने वापरायला वेळ नव्हता. एक रस्ता होता: सेट यादीत 'नवा, न वापरलेला' असं स्पष्ट लिहून त्यावर शुल्क भरायचं. दुसरा रस्ता, इथेच ठेवायचा. शेवटी तो तिने जावेला दिला. त्याच दिवशी तिने माळा पूर्ण खाली उतरवला आणि तिथून आणखी अकरा वस्तू यादीतून कमी झाल्या. हे काम निघायच्या वर्षभर आधी झालं असतं, तर त्यातल्या अर्ध्या वस्तू रोजच्या वापरात येऊन सवलतीत बसल्या असत्या.

२० डिसेंबरच्या रेघेपलीकडची खरेदीही मोठी होती. जानेवारी ते मे या काळात 'तिकडे मिळत नाही' किंवा 'तिकडे महाग' म्हणून घेतलेलं: पाच लिटरचा कुकर, लोखंडी तवे, नवा मिक्सर, थर्मल कपडे, स्वेटर, चार दुलया. शिवाय निरोपाच्या भेटी. १० मे ला अक्षय्य तृतीया होती. त्या मुहूर्तावर सासूबाईंनी चांदीचं तबक आणि कलश घेऊन दिला, माहेरून एक पैठणी आली आणि दुसरी तिने स्वतः येवल्याहून आणली.

सवलत नसेल तर आकारणी कशी होते ते एकदा समजून घ्यावं. आधी वस्तूच्या किमतीत तिच्या वाट्याचं भाडं आणि विमा मिळवतात. त्या बेरजेवर वस्तूच्या प्रकाराप्रमाणे शुल्क लागतं. कपड्यांवर ते साधारण १२ टक्के असतं. मग किंमत, भाडं, विमा आणि शुल्क या सगळ्यांच्या बेरजेवर २० टक्के व्हॅट. उदाहरणच घ्यायचं तर ४०० पौंडांचे नवे कपडे आणि त्यांच्या वाट्याचं भाडं-विमा ५० पौंड धरू. ४५० वर १२ टक्के म्हणजे ५४ पौंड. ५०४ वर २० टक्के म्हणजे १०० पौंड ८० पेन्स. एकूण १५४ पौंड ८० पेन्स. म्हणजे मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. त्यात सवलतीबाहेरच्या वस्तूंची वेगळी नोंद करायचे पैसे क्लिअरिंग एजंट घेतो, आणि थोड्या वस्तूंसाठी ती फी करापेक्षा जड जाते. पुण्यात स्वस्तात घेतलेला कुकर अशा रीतीने मिल्टन कीन्समधल्या कुकरपेक्षा महाग पडतो.

हे आकडे समोर ठेवल्यावर तिने स्वतःच छाटणी केली. नवा मिक्सर घरी राहिला आणि जुना, पाच वर्षं वाटणं वाटून दांडा पिवळा पडलेला, सोबत गेला. ब्रिटनमध्येही वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे आपला मिक्सर फक्त पिन बदलून चालतो. अमेरिकेला जाणाऱ्यांना ही सोय नाही. कुकर, तवे आणि दुलया राहिल्या. चांदी सासूबाईंच्या देव्हाऱ्यात परत गेली.

पैठणीचा प्रश्न मात्र भावनेचा होता. त्यावर उपाय दुसऱ्याच नियमात सापडला. ब्रिटनमध्ये विमानाने उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट म्हणून ३९० पौंडांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय नेता येतात. माहेरची पैठणी ३२ हजारांची होती, तेव्हाच्या भावाने सुमारे ३०० पौंड. ती कंटेनरच्या यादीतून काढून तिने बॅगेत घेतली, पावतीसकट. दुसरी पैठणी सोबत घेतली असती तर मर्यादा ओलांडली गेली असती, आणि मर्यादा ओलांडली की वरच्या फरकावर नव्हे, पूर्ण किमतीवर कर लागतो. मुलांच्या वाट्याची मर्यादा आईच्या साडीसाठी वापरता येत नाही. येवल्याची पैठणी पुण्याला राहिली.

शिलाई, तंबोरा, टाक

ती घरी ब्लाऊज शिवायची. सोसायटीतल्या आणि आसपासच्या बायका तिच्याकडे यायच्या. यादीत शिलाई मशीन होतं, मोटर आणि टेबलासकट ओव्हरलॉक मशीन होतं, आणि 'ब्लाऊज पीस, अस्तर, लेस: एक खोकं' होतं. घरगुती शिलाई मशीन उचलून नेता येणारं आहे आणि घरातही वापरलं जातं, त्याला अडचण नव्हती. ओव्हरलॉक टेबलाला जखडलेलं, धंद्याचं. खोक्यातला माल तर विकण्यासाठीचाच. घरसामानाच्या सवलतीत व्यापारी माल मिसळला की शंका एका खोक्यापुरती राहत नाही, सगळ्या यादीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. ओव्हरलॉक विकलं, माल मैत्रिणीला दिला. तिला वाईट वाटलं, कारण ती मिळकत तिची स्वतःची होती. तिकडे पुन्हा सुरू करायचं तर व्हिसाच्या आणि कराच्या अटी बघून तिथेच नवं मशीन घ्यावं, असं ठरलं.

मुलगी गाणं शिकते. तिच्यासाठी घरात दोन तंबोरे होते: एक मिरजेचा, सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला, आणि एक आजेसासूबाईंचा, जुना. नवा तंबोरा सरळ गेला. फक्त भोपळा फुटू नये म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र लाकडी पेटी केली. जुन्याच्या पट्टीवर आणि भोपळ्याच्या कडेला हस्तिदंताचं जडावकाम होतं, आणि घोडी सांबरशिंगाची असावी असं दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने सांगितलं. भारतातून हस्तिदंताची वस्तू बाहेर नेता येत नाही, शिंगाचंही तेच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वाद्य घरातलं आहे, जुनं आहे, याने फरक पडत नाही. ब्रिटनमध्येही जून २०२२ पासून हस्तिदंताच्या व्यवहारांवर कडक कायदा लागू आहे. घरच्यांना वाटत होतं की यादीत नुसतं 'तंबोरा' लिहिलं तर कुणाला कळणार? मी नाही म्हटलं. पकडलं गेलं तर तंबोरा जप्त होतो, आणि आजीचं वाद्य सरकारी गोदामात पडून राहतं. तो तंबोरा आज थोरल्या दिराकडे आहे, आणि तिथे तो रोज लागतो. देव्हाऱ्यातली मोरपिसंही त्याच कारणाने काढली. मोरपिसांच्या निर्यातीला भारतात बंदी आहे.

मग देव. घराण्याचे खंडोबाचे आणि भवानीचे चांदीचे टाक, एक पितळी बाळकृष्ण, आणि पणजोबांच्या हातची एक पोथी. १९७२ च्याच पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू जुनी दिसते पण पुरावस्तू नाही, असं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो. हा दाखला निघायच्या आठवड्यात मिळत नाही. बाळकृष्ण सासऱ्यांनी १९८० च्या सुमारास पंढरपूरहून आणलेला, तरी त्याची पावती कुठून असणार? टाकांचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं. सासरेच म्हणाले, टाक मूळ घरातच असतात, ते हलवायचे नाहीत. पोथीचे त्यांनी पानापानाचे फोटो काढून नातवाला दिले. जेजुरीहून नवे टाक करून नेणं, हा मार्ग त्यांना पटला.

खाण्याच्या सामानाबद्दल थोडक्यात: मसाले, पापड, कुरडया, चटण्या यांची अडचण नव्हती. साजूक तूप आणि पेढे काढले, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. हे सवलतीचं नव्हे, प्राणिरोगांच्या प्रतिबंधाचं प्रकरण आहे. शुल्क भरायची तयारी असली तरी उपयोग नाही.

दागिने तिने अंगावर आणि हातातल्या बॅगेत नेले: मंगळसूत्र, पाटल्या, लग्नातला हार, सगळे जुने. तरीही टीओआरच्या यादीत त्यांची वजनासह नोंद केली. आणि निघताना भारतीय कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेतलं, फोटो आणि वजनासकट. त्याचा उपयोग ब्रिटनमध्ये नाही, परतीच्या वाटेवर आहे. पुढे सुट्टीला मुंबईत उतरल्यावर हे सोनं इथूनच गेलेलं आहे, हे सिद्ध करायला तो कागद लागतो. त्यासाठी विमानतळावर वेळ ठेवून जावं लागतं; उशिरा पोहोचणाऱ्याला तो मिळत नाही आणि मग दर भेटीला तीच धास्ती.

पुरावे आणि वाट

टीओआरचा अर्ज ऑनलाइन असतो. पासपोर्टचं फोटोचं पान, बाहेरच्या देशातल्या पत्त्याचा पुरावा, ब्रिटनमधल्या पत्त्याचा पुरावा आणि सामानाची यादी जोडावी लागते. ब्रिटनचा पत्ता सोपा होता, नवऱ्याचा भाडेकरार होता. पुण्याचा पत्ता अवघड. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, महावितरणचं बिल सासऱ्यांच्या नावावर, गॅस सासूबाईंच्या नावावर, इंटरनेट दिराच्या नावावर. बारा वर्षं त्या घरात राहिलेल्या सुनेच्या नावाने त्या घरात एकही बिल नव्हतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नवरा-बायको आणि मुलांचं घर असतं. आपल्या एकत्र घरात सूनबाई कागदावर सापडत नाही. हा दोष तिचा नाही, पण सिद्ध तिलाच करावं लागतं. तिच्या बँकेच्या खात्याची बारा महिन्यांची विवरणपत्रं, त्यावर तोच पत्ता, तिच्या नावाची मुलांच्या शाळेची फीची पावती, आणि पासपोर्टवरचा पत्ता असं एकत्र जोडलं. तेवढ्यावर भागलं. ज्यांना वर्ष-दोन वर्षांत जायचं आहे त्यांनी एक तरी बिल आताच आपल्या नावावर करून घ्यावं, असं मी प्रत्येक घरातल्या सुनेला सांगतो.

यादी आम्ही दोन दिवस बसून नव्याने लिहिली. 'स्वयंपाकघराचं सामान, सहा खोकी' असं लिहायचं नाही. वस्तू, संख्या, कधी घेतली, आजची अंदाजे किंमत. पावती असेल तिथे पावतीची तारीख. टीव्ही आणि सोफ्याच्या पावत्या जोडल्या, कारण त्या दोन वस्तू रेघेच्या जवळच्या होत्या. किमतीबाबत एक गोष्ट ठामपणे सांगितली: कस्टम्सच्या यादीतली किंमत आणि विम्याच्या यादीतली किंमत एकच असावी. पुष्कळ जण कस्टम्सला कमी आणि विम्याला जास्त लिहितात. ते दोन्ही कागद एकाच फायलीतून प्रवास करतात, आणि सामान फुटलं तर विमा कंपनी कमी किमतीची यादी पुढे करते.

अर्ज मे अखेरीस गेले. मंजुरीचा क्रमांक, ज्याला यूआरएन म्हणतात, यायला काही आठवडे लागतात, आणि तो सामान ब्रिटनला पोहोचण्याआधी क्लिअरिंग एजंटच्या हातात असावा लागतो. नसेल तर बंदरावर माल अडतो: शुल्क भरून सोडवा, नाहीतर गोदामाचं भाडं भरत थांबा. म्हणून अर्ज आधी आणि पॅकिंग नंतर, हा क्रम आम्ही पाळला. दोन्ही क्रमांक जुलैत आले.

सामान सामायिक कंटेनरमध्ये गेलं. पूर्ण कंटेनर भरण्याइतकं घर नव्हतं. लाकडी पेट्या सगळ्या उष्णता-प्रक्रिया केलेल्या आणि शिक्का मारलेल्या लाकडाच्या हव्यात, हे तंबोऱ्याच्या पेटीच्या वेळी आठवणीने पाहिलं. स्थानिक सुताराने घरी येऊन केलेली पेटी सुबक असते, पण तिच्यावर तो शिक्का नसतो. कंटेनर न्हावा शेव्याहून जुलैत निघाला. एरवी जहाज तांबड्या समुद्रातून सुएझमार्गे जातं. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे येमेनमधल्या हूती बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाल्याने बहुतेक मोठ्या कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जहाजं नेत होत्या, आणि त्यात दहा-पंधरा दिवस वाढत होते. सामान येईपर्यंत मुलांनी जमिनीवर गाद्या टाकून दिवस काढले. नवऱ्याच्या खोक्यांसाठी ८ ऑक्टोबरची मुदत असल्याने त्याला जास्त काळजी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंटेनर लंडन गेटवे बंदराला लागला.

तपासणीसाठी त्यांची काही खोकी निवडली गेली. कोणती उघडायची ते अधिकारी ठरवतात. टीव्ही उघडला, स्वयंपाकघराची दोन खोकी उघडली, नवऱ्याची पुस्तकं पाहिली. टीव्हीच्या पावतीवरची तारीख यादीशी जुळली. स्वयंपाकघराच्या खोक्यात चेपलेले डबे, काळी पडलेली कढई आणि तळ झिजलेली पातेली होती. दोन्ही मंजुऱ्यांवर सामान शुल्काशिवाय सुटलं. तपासणीच्या हाताळणीचा खर्च मात्र एजंटच्या बिलात आला. सवलत कर माफ करते, तो खर्च नाही. बंदराचं शुल्क, क्लिअरिंग फी आणि घरापर्यंतचा ट्रक हेही द्यावंच लागतं, हे निघण्यापूर्वी विचारून लेखी घ्यावं. इथे ते घेतलेलं असल्याने वाद झाला नाही.

एकच वस्तू नंतर अडचणीची ठरली, सोफा. मिल्टन कीन्सच्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात तो लावल्यावर बाल्कनीचं दार अर्धंच उघडायचं. ओळखीचं एक मराठी कुटुंब तो घ्यायला तयार होतं, अगदी नुसता वापरायला सुद्धा. तिने मला फोन करून विचारलं, "काका, पैसे न घेता दिला तर?" तरीही नाही. सामान आल्यापासून १२ महिने उसनं देणंही बंधनात येतं. द्यायचाच तर एचएमआरसीला आधी कळवून त्यावरचं शुल्क आणि व्हॅट भरावा लागला असता. शिवाय त्या सोफ्याने कंटेनरमधली जी जागा खाल्ली तिचं भाडं धरलं, तर तेवढ्यात तिथे त्या खोलीला बेताचा सोफा आला असता. फर्निचरबाबत मी हे नेहमी सांगतो आणि नेहमीच ते शेवटी ऐकलं जातं. त्यांनी तो आडवा करून मुलांच्या खोलीत भिंतीला लावला. सप्टेंबर २०२५ मध्ये वर्ष पूर्ण झाल्यावर तो त्या कुटुंबाकडे गेला. त्याची पावती, मंजुरीचं पत्र आणि दोन्ही याद्या तिने एका फायलीत लावून ठेवल्या आहेत. पुढे कधी भारतात परतायचं झालं तर इथल्या बॅगेज नियमांत निवास बदलून येणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे. ती परदेशातल्या मुक्कामाच्या लांबीवर ठरते, आणि त्या वेळी काय केव्हा घेतलं हे पुन्हा विचारलं जाईल.